आईला झेपणार नाही, हे कुणी ठरवलं?

पत्राचा सारांश

वय २७. गाव बार्शी तालुक्यातलं. वडील मी सातवीत असताना गेले. आई गावातच अंगणवाडी सेविका आहे, दोन एकर रान वाट्याने दिलंय. पाच वर्षांपूर्वी एमपीएससीसाठी पुण्यात आलो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. खर्चाला हातभार म्हणून एका वस्तीतल्या बालवाडीत दुपारचं काम धरलं आणि तिथेच रमलो. गेले चौदा महिने पूर्ण वेळ तिथेच आहे. १४,००० मिळतात. अभ्यास बंद आहे. आईला यातलं काहीही माहीत नाही. ती रोज रात्री सव्वानऊला फोन करते, मी अभ्यासिकेत आहे म्हणून सांगतो. ती दर महिन्याला ५,००० पाठवते. ते मी वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यातला एक रुपयाही वापरलेला नाही. मी बाल विकास प्रकल्प अधिकारी व्हावं, एवढी एकच तिची इच्छा आहे. मित्र म्हणतात, आईची नाळ तोडल्याशिवाय तू माणूस होणार नाहीस. पण खरं सांगितलं तर ती कोलमडेल, तिला हे झेपणार नाही. तिचं ऋण मी असं फेडू? मी कोण आहे हेच मला कळेनासं झालंय. आईचा मुलगा सोडून मी कुणी आहे का? फोन ठेवल्यावर रात्र रात्र झोप येत नाही. ताई, काय करू?

उत्तर

तू ताई म्हटलंस, म्हणून सरळ अरे-तुरे करते. वयाने मी मावशी शोभले असते, पण ते राहू दे.

पत्र हाताने लिहिलेलं, सहा पानांचं आहे. वर छापलाय तो सारांश. तुला कुणी ओळखेल असं बरंच काही मी गाळलंय, पण एक प्रसंग इथे सांगण्यासाठी ठेवून घेतला. तुमच्या बालवाडीत एक मुलगी नवीन आली. तीन आठवडे ती आत आलीच नाही. उंबऱ्याशी भिंतीकडे तोंड करून, डबा मांडीत घट्ट धरून बसायची. कुणी उचलून आत आणलं की रडारड. मग तू मधल्या सुट्टीत तिच्यापासून हातभर अंतरावर बसायला लागलास. तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, आपला डबा उघडायचा आणि कडक भाकरी मोडून खायची. कडक भाकरी मोडली की कटकन आवाज होतो. चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्या आवाजासरशी तिने मान न वळवता नुसता हात बाजूला केला, तळवा वर. तू त्यावर तुकडा ठेवलास. 'राज्यसेवेच्या यादीत नाव दिसल्यासारखं वाटलं', असं तू लिहिलंयस.

आणि पुढच्याच पानावर विचारतोस, आईचा मुलगा सोडून मी कुणी आहे का?

मला 'स्वतःचा शोध' या शब्दांची जरा धास्तीच वाटते. पूर्वी ते अध्यात्माच्या पुस्तकांत भेटायचे आणि शोध घ्यायला निघणारी माणसं निदान साठी तरी उलटलेली असायची. आता पंचविशीतल्या मुलामुलींच्या पत्रात ते हमखास असतात. प्रत्येकाला वाटतं, आपला 'मी' कुठेतरी आयता तयार आहे, घरच्यांनी त्याच्यावर गोधड्या टाकल्यात, त्या ओढून काढल्या की झालं. माझ्या पाहण्यात तरी असं कुणाला काही सापडलेलं नाही. काम करता करता, जरा उशिराच आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या तोंडून आपल्याला आपण कळतो. तुला ते एका चार वर्षांच्या मुलीने सांगितलं, तेही न बोलता. आणखी काय पुरावा हवाय तुला?

शिवाय ती भाकरी कुणाची होती? हे तू लिहिलेलं नाहीस, मी जोडलं. पाचव्या पानावर तू स्वारगेटला एसटीच्या कंडक्टरकडून पार्सल घ्यायला जातोस ते आहे: जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि प्लास्टिकच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, तेल गळू नये म्हणून वरून दुधाची पिशवी गुंडाळलेली. असे सात रिकामे डबे खोलीत साठलेत, परत पाठवायला धीर होत नाही, असंही लिहिलंयस. म्हणजे त्या मुलीला उंबऱ्याच्या आत आणलं ते तू आणि तुझ्या आईने मिळून. तिला बिचारीला त्याचा पत्ताही नाही.

तेव्हा ते नाळ तोडण्याचं मित्रांपाशीच राहू दे. नाळ जन्मतःच कापतात आणि कापून झाल्यावर बाळाला आईच्याच कुशीत देतात. तुझ्या मित्रांचा समज असा दिसतो, की आईचं जेवढं कमी करू तेवढे आपण जास्त उरतो. तुझ्या बाबतीत तर ही वजाबाकी मुळातच चुकते. शाळा सुटल्यावर तू आईच्या अंगणवाडीत कोपऱ्यात बसून गृहपाठ करायचास, तिचे तक्ते रंगवायचास, खिचडीच्या वाट्या मोजून ठेवायचास. मग बार्शी सोडलीस, पुण्यात आलास, जवळपास चार वर्षं राज्यघटना आणि अर्थशास्त्र घोकलंस आणि फिरून पोचलास कुठे? बालवाडीत. मी असते तर आधी पोट धरून हसले असते.

आता जरा कडू बोलते.

'तिला झेपणार नाही' हे वाक्य पत्रात मी मोजलं, चार वेळा आलंय. हे तुला कुणी सांगितलं? तिने? तिला तर तू काही विचारलेलंच नाहीस. तिच्याबद्दल तूच काय काय लिहिलंयस ते परत वाच. नवरा गेल्यावर तेराव्याला दिराने जमिनीचा विषय काढला, तेव्हा ती घुंगट सारून बोलली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. त्यात ती मानधनावर पाणी सोडून बसली, गावातल्या दोघींना घेऊन आझाद मैदानापर्यंत गेली आणि परत येऊन तुला फोनवर म्हणाली, 'मुंबईत पाणी विकत घ्यावं लागतं रं.' ही बाई पोराने नोकरी बदलल्याचं ऐकून कोलमडेल? दुःखी होईल, नक्की होईल. चिडेल. दोन दिवस जेवणार नाही. पण दुःखी होणं आणि कोलमडणं यात फार अंतर आहे आणि ते अंतर तू तिच्या वतीने परस्पर मिटवून टाकलंस.

तुला वाटतं, रोज रात्री सव्वानऊला तू तिला जपतोस. मला वाटतं, तू स्वतःला जपतोस. तिचा उतरलेला आवाज ऐकावा लागू नये म्हणून. यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण या प्रेमात तिला तू बाळ करून ठेवलंयस आणि ज्या मुलावर ती जीव टाकते, तो अभ्यासिकेतला मुलगा गेले चौदा महिने अस्तित्वातच नाही. खरा मुलगा वस्तीतल्या पोरांना हात धुवायला शिकवतोय. त्याची आणि आईची अजून भेट व्हायचीय.

पत्रातली आणखी एक ओळ तू घाईत लिहून पुढे गेलास, मी तिथे थांबले. दिवाळीनंतर आईने 'परीक्षा कधी' हे विचारायचं सोडलंय, आता फक्त 'जेवला का' विचारते. तुला वाटतं, हा तिचा विश्वास. असेलही. मी माझं सांगते. तरुणपणी मी बँकेतली नोकरी सोडली आणि भीतीपोटी चारेक महिने रोज डबा घेऊन घरून निघायची. आईने विषय काढला तो थेट तिच्या सत्तरीत. म्हणाली, 'मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आधी डबा चाटूनपुसून यायचा, मग त्यात रोज एक पोळी उरायला लागली.' तुझ्या आईला काय कळलंय, काय नाही, ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण पंचवीस-तीस वर्षं न बोलणाऱ्या पोरांची तोंडं वाचण्यातच जिचा दिवस जातो, तिला तू फोनवर फसवू शकतोस, यावर फार विसंबू नकोस.

पैशांचं. चौदा महिन्यांचे सत्तर हजार तू शिवले नाहीस, याचा तुला थोडा अभिमान आहे. शब्दाशब्दांत दिसतो. तो सोड. ते पैसे तुझ्या खात्यात पडून आहेत, तिच्या ताटात नाहीत. सरकार ज्याला पगारसुद्धा म्हणत नाही, मानधन म्हणतं, त्यातून ती दर महिन्याला पाच हजार बाजूला काढते. त्यासाठी तिने काय मोडलं असेल, काय घ्यायचं राहिलं असेल, चष्म्याचा नंबर वाढलाय की नाही, हे तुला ठाऊक नाही. बाकी सगळ्या गोष्टींना वेळ घे, हिला नको. पुढच्या महिन्याचे पैसे येण्याआधी थांबव. 'माझं भागतंय, या महिन्यापासून पाठवू नकोस' एवढं तर खरंच आहे ना? तेवढं आजच्या फोनवर सांग. चौदा महिन्यांतलं पहिलं खरं वाक्य बोलून तर बघ.

ऋण फेडण्याची भाषाही मला पटत नाही. आईचा आणि तुझा व्यवहार असा चोपडीत मांडायला गेलास, तर कुठलंही पद पुरणार नाही. जिल्हाधिकारी झालास तरी व्याजच फिटेल.

आता दुसरी बाजू. मी तुझ्या बालवाडीवर भाळले आहे हे लक्षात आलंच असेल, म्हणून मुद्दाम विचारते. दोनदा हुकल्यावर माणूस जिथे कौतुक होतं तिथे थांबतो. तसं तर झालं नाही ना? मुलं काही निकाल लावत नाहीत, 'सर, सर' करत अंगावर येतात. नापास झालेल्याला ते फार बरं वाटतं. याचं उत्तर तुझ्याकडेच आहे आणि ते त्या भाकरीच्या दुपारी मिळणार नाही. जूनमध्ये नवी पंधरा मुलं एकदम रडतात, एक ओकतो, दुसऱ्याची चड्डी ओली होते, पालक फी बुडवतात, वर अहवाल भरायचा असतो, त्या दिवशी संध्याकाळी स्वतःला विचार. तेव्हाही उद्या यावंसं वाटतं का? वाटत असेल तर पुढचं वाच.

तुझ्या कामाला भविष्य नाही, हे तू गृहीत धरलंयस. सरळ रस्ता बंद आहे हे खरं. अंगणवाडी सेविकेचं पद बायकांसाठीच आहे, त्यामुळे आईची जागा तुला घेता येणार नाही. पण शिकवायचंच असेल तर डी.एल.एड., म्हणजे शिक्षक व्हायची पदविका, दोन वर्षांची आहे. त्यानंतर टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेची शाळा. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० मिळतात. म्हणजे तुलाही मानधनच, आईला सांगितलंस तर हसेल. भरतीत जागा निघायला वेळ लागतो, त्यामुळे दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल असं मी म्हणणार नाही. लहान मुलांत काम करणाऱ्या संस्थांतही माणसं लागतात, पण तिथे पदविका विचारतात. नुसती माया किती दिवस पुरणार? आज जे तू अंदाजाने करतोस, त्यातलं काय बरोबर आणि काय चूक, तेही शिकल्यावर कळेल.

आणि राज्यसेवाच परत करावीशी वाटली तर? खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. सत्ताविसाव्या वर्षी दार बंद होत नाही. मात्र २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर, १,७५० गुण. तू दिलीस ती परीक्षा आता राहिलेली नाही. परतायचं तर नव्याने सुरुवात, हे धरून चाल. 'पाच वर्षं घातलीत म्हणून आणखी दोन' हे कारण मला चालणार नाही.

गिजुभाई बधेकांचं नाव बालवाडीत तुझ्या कानावर आलं असेलच. हा माणूस वकील होता. वकिली सोडून त्याने १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. लोक त्याला 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. त्याच्याच सोबत काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गरिबांच्या अंगणापर्यंत बालवाडी नेली. आई ज्या योजनेत राबते, ती १९७५ मध्ये सुरू झाली, पण तिची मुळं अशा कामात आहेत. हे तुझ्यासाठी सांगितलं. आईला पटवायला वापरू नकोस. 'गिजुभाईंनी पण वकिली सोडली होती' असं घरी म्हणालास तर पाठीत धपाटा बसेल आणि तो योग्यच असेल.

तिच्या स्वप्नाकडे मात्र नीट बघ. तिला तू कलेक्टर व्हायला नकोयस, तहसीलदारही नको. तिला प्रकल्प अधिकारीच का हवाय? प्रकल्प कार्यालयात बैठकीला गेलं की रजिस्टर छातीशी धरून ती ज्या खुर्चीपुढे उभी असते, ती ही खुर्ची. तिथे तिला काय ऐकावं लागतं, हे तू कधी विचारलंयस? मला वाटतं, तुझ्या पदापेक्षा तिला त्या खोलीत कुणीतरी 'बसा' म्हणावं असं हवंय. आयुष्यभर तिने केलं ते काम हलकं समजलं गेलं, म्हणून तिने तुला त्यातून बाहेर ढकललं. तू तेच काम आपणहून निवडलंस, यात तिचा अपमान आहे की मान, हे आधी तिलाच कळणार नाही. तुलाही समजावता येणार नाही. वेळ लागेल.

सांगायचं कसं? फोनवर नको. दिवाळीतही नको, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मामा मध्ये पडतो आणि तुझं आयुष्य हा चर्चासत्राचा विषय होतो. साध्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून जा. सकाळी तिच्यासोबत अंगणवाडीत जा. पोरांना बसव, गाणी घे, वजनं करायला मदत कर, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी भरायच्या असतील तर मोबाइल तू धर. बोलू नकोस, तिला नुसतं बघू दे. दुपारी कुलूप लागल्यावर घरी न जाता तिथेच बसा, आणि मग सांग. आधी खोटं बोललो हे. मग पैसे जसेच्या तसे आहेत हे. मग काम. या क्रमाने. 'मी तुझं स्वप्न मोडलं' वगैरे मोठी वाक्यं टाळ, त्यांनी समोरच्याला आपल्यालाच समजवायची पाळी येते. सांगून झालं की गप्प बस. 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' हे येईल, ते पूर्ण ऐक. त्यातलं एकही खोटं नसेल. तिने अबोला धरला तर पुण्याला आल्यावर सव्वानऊला तू फोन कर. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी परत कर.

होकार लगेच मागू नकोस. तुला तिला कळवायचंय, परवानगी काढायची नाहीये. हा फरक बोलताना तुझ्याकडूनच निसटेल, सांभाळ.

तुझ्यासारखीच बरीच पत्रं माझ्याकडे पडून आहेत. अभ्यासिकेचं भाडं भरून दिवसभर दुसरीकडे असणारी मुलं, निकालाची तारीख पुढे गेली असं घरी सांगणाऱ्या मुली, नोकरी सुटून तीन महिने झाले तरी लॅपटॉपची बॅग घेऊन निघणारा एक गृहस्थ. सगळ्यांचं कारण एकच, घरच्यांना झेपणार नाही. त्यांनाही हेच म्हणते: सगळं एकदम सांगता येत नसेल तर आज एक खोटं कमी बोला. आणि सांगायच्या आधी घरातलं नाही, बाहेरचं एक माणूस धरा, ज्याच्यापुढे ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघता येईल. झोप उडालीय म्हणतोस, तेही अंगावर काढू नकोस. मन हलकं करायला असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथे फोन करायला आभाळच कोसळलेलं असावं लागतं असं नाही.

लग्नाचं तू शेवटी दोन ओळींत विचारलंयस. ते पुढच्या पत्रात. एका वेळी आईवर एवढंच पुरे.

आणि ते सात डबे. घासून, वाळवून सोबत घेऊन जा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे तुला सांगायला नको. सातही भरायची गरज नाही. तुझ्या बालवाडीतली पोरं चिंचोके, शंख, मणी असं काहीबाही मोजायला वापरत असतील. एका डब्यात ते भर. तिच्या अंगणवाडीत उपयोगी पडतील.